वळसंगच्या रानात, पांढऱ्या तोंडानं

सोलापूरच्या स्टँडवर उतरलो आणि लक्षात आलं, पिशवीतल्या बाटलीचं झाकण निघालंय. माझं उन्हाचं सगळं लोशन ह्यांच्या दोन शर्टांनी पिऊन टाकलं होतं.

चेहऱ्यावर आणि हातांवर कोड आल्यापासून मला ऊन सोसत नाही. पांढऱ्या डागांची आग होते, कातडी सोलते. दिवसा बाहेर पडणंच मी सोडलं होतं. पण कॉलेजातली मैत्रीण गिरिजा हिनं वळसंगला हुरड्याला (कोवळ्या ज्वारीचे भाजलेले दाणे) बोलावलं आणि मी हो म्हणून बसले.

"परत फिरायचं?" ह्यांनी हळूच विचारलं.

"आधी दुकान बघू."

स्टँडसमोरच्या औषधवाल्यांनी आधी स्नो काढला, मग पावडर.

"मला गोरं व्हायचं नाही हो. ऊन अडवायचंय."

ते हसले आणि आतून जस्ताच्या मलमाची डबी घेऊन आले. "हे अडवतंय. पण जाड लावायला लागतंय, तोंड पांढरंफटक दिसतंय बघा!" मनगटावर लावून पाहिलं. झोंबलं नाही. घेतलं.

वळसंगला गिरिजाच्या ओसरीवर बसून मी कपाळ, नाक, कान, मान, हात, सगळं लिंपलं. तिच्या सासूबाई टक लावून बघत होत्या.

"चुना लावलाय का गं?"

"ऊन लागू नये म्हणून, आई. कोड आहे मला."

त्या सुनेशी कन्नडमध्ये काहीतरी बोलल्या. मी मान खाली घालून डबीचं झाकण लावायला घेतलं. पण गिरिजा खो खो हसत सुटली. "म्हणतात, एवढं लोणी फासून आलेली पाहुणी पहिल्यांदाच बघितली!"

सासूबाईंनी नाक पुढं केलं. "मलाबी लाव की. रानात ऊन लई हाय." मग गिरिजानंही लावून घेतलं.

दुष्काळानंतर ज्वारी पहिल्यांदाच डोक्यावर गेली होती. आगटीभोवती (हुरडा भाजायचा खड्डा) आम्ही तिघी पांढऱ्या नाकांच्या बायका, गरम हुरडा, गूळ, शेंगाचटणी. बांधावरचे गडी हसले, आम्ही त्यांच्याहून मोठ्यानं हसलो. घाम पुसला की मी पुन्हा मलम लावी आणि पदर पुढं ओढी. संध्याकाळी तोंड धुतलं, तर पुन्हा लावायचं राहिलेला डावा कान तेवढा लाल झाला होता.

दुसऱ्या दिवशी परतीच्या एसटीत मी मुद्दाम उन्हाच्या बाजूला बसले. उन्हाला मलम होतं. मला खरी भीती माणसांच्या बघण्याची होती, हे रानात उमगलं होतं. चेहरा लिंपून झाल्यावर बोटाला उरलेलं मलम ह्यांच्या नाकाला पुसलं.

"अगं, लोक बघतायत!"

"बघू देत," मी म्हणाले, आणि खिडकी सताड उघडली.