टेबल आलं आणि भांडणं थांबली

माझी बायको आमच्या बिल्डिंगची अध्यक्ष होती. घाटकोपरची आमची चाळ पाडून सात मजले उभे राहिले, त्यासाठी बिल्डरच्या दारात सगळ्यांत जास्त तीच बसली. म्हणून बायकांनी तिलाच निवडून दिलं. मी चौथी शिकलेला माणूस, तिच्यापेक्षा मीच जास्त मिरवलो.

सुरुवातीला सगळं पॅसेजमध्ये ठरायचं, आरडाओरडा करून. मग सोसायटीचं ऑफिस झालं, टेबल आलं आणि भांडणं थांबली. ही खूश.

"बघा, आता कसं शांत चाललंय."

मी म्हटलं, "शांत नाही, गप्प झालेत."

तिला राग आला. पण दोष तिचा एकटीचा नव्हता. काम करणारं माणूस मिळालं की आपली माणसं सगळं त्याच्या गळ्यात घालतात, आणि पाठीमागे म्हणतात, चढली हो.

लाइटबिल वाढलं म्हणून हिने दुपारची लिफ्ट बंद केली. मीटिंगमध्ये कोणी ब्र काढला नाही. एका दुपारी ही जिना उतरत होती, तर तिसऱ्या मजल्यावर आमची पाचव्या मजल्यावरची शेजारीण पायरीवर बसलेली, गुडघा धरून. बाई साताऱ्याकडची, चाळीपासूनची हिची मैत्रीण.

"एवढं दुखतंय तर मला सांगायचं नाय?"

"तुला सांगायचं म्हणजे टेबलापुढे उभं राहायचं. बस तरी म्हणतेस का गं आता?"

त्या रात्री ही जेवली नाही. मनाला लागलं की ती मालवणीत यायची. "माका कोणीच कसा सांगूक नाय?" एवढंच परत परत.

सकाळी लिफ्ट सुरू केली. ते सोपं होतं. मैत्रीण काही आमच्या घरी येईना. शेवटी हीच वर गेली आणि तिच्या ओट्यापाशी भाजी निवडत बसली. पहिले दोन दिवस ती नीट बोललीसुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी पाण्याच्या वेळेवरून तिने हिची अशी खरडपट्टी काढली, की ही घरी येऊन हसत मला सांगत होती, आणि भाकरी एक जास्त खाल्ली.

खुर्ची तिने मरेपर्यंत सोडली नाही, खोटं कशाला बोलू. आवडायची तिला ती.

तिला जाऊन सहा महिने झाले. घरात बोलायला कोणी नाही. नवा अध्यक्ष पोरगेला आहे, मनाने चांगला. गच्चीला कुलूप घातलंय त्याने. कुजबुज सगळीकडे आहे, त्याच्याशी भांडायला मात्र कोणी जात नाही. उद्या मी जाणार आहे.