घर नानांचं, हप्ते भिकनचे

सुरतेत उधन्याच्या गल्लीत प्रमिलाबाईंचं कौतुक सुरू झालं ते त्यांचा बाप वारल्यावर. त्याआधी बारा वर्षं त्या त्याच गल्लीत साड्यांचे सुटे धागे कातरत बसायच्या, तेव्हा ते कोणाला सुचलं नव्हतं. बाप धुळे डेपोत एसटी ड्रायव्हर. निवृत्तीचा पैसा त्याने पोस्टात ठेवला आणि जाताना तिन्ही लेकरांत सारखा वाटून गेला. दोन मुलगे, एक मुलगी. हे 'सारखं' दोन्ही मुलग्यांना बापाचं डोकं म्हातारपणी फिरल्याचं लक्षण वाटलं.

रिवाजाप्रमाणे भाऊ साडी घेऊन सुरतेला आले. बहिणीने साडी घ्यायची, हक्क सोडल्याच्या कागदावर सही करायची आणि माहेर शाबूत राहिलं म्हणून डोळे पुसायचे. प्रमिलाबाईंनी साडी घेतली, भावांना भरपूर तूप घालून वरण-बट्टी वाढली आणि कागद कोराच परत दिला. साडी उलटून बघितली तर सुरतेचीच निघाली. इथून धुळ्याला जाऊन, किंमत वाढवून परत आलेली.

हे ९६ सालचं. बाईंच्या हातात एकदम साठ हजार आले आणि गल्लीत सगळेच सल्लागार झाले. शेजारची शोभाबाई म्हणाली, सोनं घे. साड्या विणणाऱ्या लूम खात्याचा शेठ बाईंच्या नवऱ्याला, भिकनला म्हणाला, माझ्याकडे ठेव, व्याज देतो. बाराबारा तासांच्या पाळीचा पगार वेळेवर न देणारा हा माणूस व्याज वेळेवर देणार होता. पण बाईंच्या मनात एकच होतं. घर गहाण होतं, ते सोडवायचं. अजून सात वर्षांचे हप्ते शिल्लक होते, ते एका दिवसात संपवायचे.

घर म्हणजे दोन खोल्या, वर पत्रा, पुढे गटार. पण सोसायटीतलं, कागदाचं घर. भिकनने सहकारी मंडळीचं, म्हणजे पतपेढीचं, कर्ज काढून ते घेतलं होतं. पाळी संपवून तो घरी येऊन पडायचा, म्हणून दर महिन्याला मंडळीच्या खिडकीवर हप्ता भरायला बाई जायच्या. पावतीवर नाव मात्र सखाराम यांचं.

सखाराम म्हणजे भिकनचे थोरले बंधू. सगळा गाव त्यांना नाना म्हणतो. राहणार पारोळ्याकडे, ग्रामपंचायतीचे मेंबर. घर घेताना अर्जावर नाव लिहायची वेळ आली तेव्हा भिकन म्हणाला, थोरला भाऊ जिवंत असताना आपलं नाव कसं लावायचं. लोक काय म्हणतील. मग नाना रेल्वेने आले, चहा पिऊन कागदावर आणि गहाणखतावर सही केली, गाडीभाडं घेतलं आणि गेले. एवढ्या कष्टावर ते सुरत शहरात घरमालक झाले. हप्ता भिकनने भरायचा, मान नानांनी घ्यायचा, अशी सोयीची वाटणी झाली. आपल्या लोकांत याला संस्कार म्हणतात.

पुढे चौऱ्याण्णवला प्लेगची बातमी पसरली आणि अर्धी सुरत गाड्यांना लटकून पळाली. भिकनही बायको आणि पोरगी योगिताला घेऊन गावी गेला. नानांनी तिघांना ओट्यावरच थांबवलं. आत नको, म्हणाले, घरात लहान लेकरं आहेत. योगिता काय चाळीस वर्षांची होती? तिघांनी नऊ रात्री बकऱ्यांच्या गोठ्यात काढल्या. सुरतेच्या घराचे मालक आत पलंगावर घोरत होते. परतताना भिकन त्यांच्या पाया पडला. प्रमिलाबाई पडल्या नाहीत, त्यांची कंबर धरली होती म्हणे.

तर आता पैसे हातात आल्यावर बाई सरळ मंडळीच्या मॅनेजरकडे, भगुभाईंकडे गेल्या. सगळं कर्ज फेडायचं म्हणाल्या. भगुभाईंचा चेहरा घरात मयत झाल्यासारखा झाला.

"बेन, एवढी घाई कशाला? पैसा ठेवीत टाका ने, हप्ता चालू राहू द्या."

वर वेळेआधी फेडलं तर दंड पडेल हेही सांगितलं. उशीर झाला तर दंड, लवकर केलं तर दंड. बाईंनी विचारलं, वेळेवर भरल्याचं कधी बक्षीस देता का. भगुभाईंनी पंखा वाढवला. मग हळूच म्हणाले की कर्ज फिटलं की घराचे कागद मंडळी मालकाच्या हातात देते. मालक म्हणजे सखारामभाई.

बाई दगडी पायरीवर बसल्या. कागद मंडळीच्या कपाटात आहेत तोवर घराला कोणी हात लावू शकत नाही. फेडलं की नाना कागद पिशवीत घालून पारोळ्याला नेणार. आणि नानांचा मुलगा कुंदन लग्नाच्या वयाला आला होता, त्याला दुकान टाकायचं होतं. म्हणजे बापाने आयुष्यभर स्टेअरिंग फिरवून जमवलेला पैसा कुंदनच्या दुकानाच्या कामी येणार.

त्यांनी भिकनला सांगितलं, भावाला लिहा, नाव बदलून द्या म्हणावं. भिकनने ताटावरून हात काढला. नानांना असं विचारण्यापेक्षा तो लूमच्या पट्ट्यात हात घालायला तयार होता. त्याने लिहिलं ते एवढंच, की प्रमिलाला पैसे मिळालेत, घर सोडवतोय. आठच दिवसांत नानांचं पत्र आलं. कर्ज फेडणं पुण्याचं काम, उशीर करू नये, कागद घ्यायला मी स्वतः येतो. खाली कुंदनचाही नमस्कार होता. दहा वर्षांत त्या पोराने नमस्कार केला नव्हता.

बाईंनी पत्र वाचलं, घडी केली आणि पुढच्या महिन्यात हप्ता भरला नाही. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही. भिकनला काही कळवलं नाही. पैसे धान्याच्या डब्यात ठेवले आणि भगुभाईंकडे जाऊन एक साधा प्रश्न विचारला. हप्ता थकला तर नोटीस कोणाला जाते?

"जेनुं नाम, एने. सखारामभाईला."

"मग पाठवा. आणि गावच्या पंचायतीला नक्कल पण पाठवा."

भगुभाईंनी डोळे बारीक केले. बाई म्हणाल्या, नाव बदललं तर त्याच दिवशी सगळे पैसे दंडासकट रोख मिळतील, नाहीतर मार्च अखेरीस थकबाकीदारांच्या यादीत एक नाव वाढेल. भगुभाई सुरतेचा माणूस, कुठला सौदा चांगला ते त्याला कळतं. त्या संध्याकाळी दोन रजिस्टर पत्रं निघाली.

नोटीस पारोळ्याकडे पोचली तेव्हा पंचायतीची बैठक चालू होती. क्लार्कने नक्कल मोठ्याने वाचली. सखाराम, राहणार अमुक, कर्ज थकवल्याबद्दल घर जप्त का करू नये. आयुष्यभर कोणाचं दमडीचंही देणं नसलेले, म्हणजे ज्यांचं सगळं दुसऱ्यानेच भरलं ते नाना सगळ्या मेंबरांसमोर थकबाकीदार झाले. दुसऱ्या दिवशीच्या पॅसेंजरने ते सुरतेत उतरले.

भिकनने खात्यातून येऊन पाहिलं तर भाऊ ओट्यावर उभे, लाल. हप्ता भरला नाही हे त्याला त्यांच्याच तोंडून कळलं. तो पायांवर पडायला वाकला तर नानांनी पाय मागे घेतला. बाई आतून म्हणाल्या, जे बोलायचं ते मंडळीत चला.

आता अडचण अशी की खानदेशी सून जेठाशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, तोंडाने बोलत नाही. डोक्यावर पदर, मान खाली, आणि जे सांगायचं ते तिसऱ्याला सांगायचं. भगुभाईंच्या ऑफिसात बाई भिंतीकडे तोंड करून बसल्या आणि जेठाला ऐकवायचं ते सगळं भगुभाईंना ऐकवायला लागल्या.

"शेठ, यांना विचारा, घर कोनं शे?"

"घर सगळ्यांचं आहे," नाना छताकडे बघत बोलले. "आपल्यात वाटणी कुठे झालीय?"

"मग शेठ, थकलेला हप्ता पण सगळ्यांचा. त्यांना म्हणा, भरा. मालक तेच आहेत."

नानांनी भिकनकडे पाहिलं. भिकनने जमिनीकडे पाहिलं. भगुभाईंनी दोन्ही बाजूंचं ऐकण्याच्या नावाखाली पान तोंडात टाकलं.

नाना म्हणाले, बाईमाणसाच्या नादी लागून तू भावाचं नाक कापलंस. भिकनला खरंच काही माहीत नव्हतं. मग नानांनी जप्तीची पुढची पायरी विचारली. भगुभाईंनी शांतपणे सांगितलं की दवंडी. कुठे? मालक राहतो तिथे. हे त्यांनी कुठल्या नियमात वाचलं होतं ते त्यांनाच ठाऊक. नानांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"आणा तो नाव बदलायचा कागद," ते म्हणाले.

सही करताना त्यांनी शाई तीनदा झटकली. आता नव्या मालकाच्या नावाची रेघ मोकळी होती. भगुभाईंनी पेन भिकनकडे वळवलं. भिकनचं तोंड उघडलं. सात वर्षं स्वतःचं नाव लिहायला न धजलेला माणूस ते आता उच्चारणार होता, एवढ्यात भिंतीकडून आवाज आला.

"शेठ, माझं नाव लिहा. पैसा मना बापना शे."

भिकनने सवयीने भावाकडे पाहिलं, परवानगीसाठी. आणि जिंदगीत पहिल्यांदा नाना भावजयीच्या बाजूने बोलले. "लिव्ह तिचंच," म्हणाले. धाकट्याचं नाव आपल्या जागी बसण्यापेक्षा बाईचं बसलेलं बरं. गावात सांगता येतं, बाईने डाव केला. धाकट्याने भाऊ उठवला हे सांगता येत नाही. बाईंनी पदराच्या आतून नोटांचं पुडकं टेबलावर ठेवलं. भगुभाईंनी दंडासकट दोनदा मोजलं आणि कपाटातून कागद काढून त्यांच्या हातात दिले. नाना गाडीभाडं न मागता गेले, एवढा राग.

गल्लीत आता म्हणतात, प्रमिलाने नवऱ्याला त्याच्याच घरात घरजावई केलं. म्हणणारे ते स्वतः भाड्याच्या खोलीत राहतात. महापालिकेचं घराच्या वेऱ्याचं, म्हणजे घरपट्टीचं, पहिलं बिल आलं तेव्हा भिकनने ते लांब धरून नाव वाचलं, बायकोच्या पुढ्यात साड्यांच्या गठ्ठ्यावर ठेवलं आणि म्हणाला, मालकीणबाई, तुमचं आलंय. हप्त्याचा भार उतरला होता, पगार अख्खा हातात राहत होता, तरी बिल तेवढं तुमचं. प्रमिलाबाईंनी कात्री खाली ठेवली. म्हणाल्या, ठीक, वेरा मी भरते, आणि या महिन्यापासून तुमच्या पगारातून खोलीभाडं कापते.

भिकनने बिल उचललं आणि चप्पल घालून भरायला गेला.