काकांचं गाणं

परवा भाचीच्या हळदीला गच्चीवर कुणीतरी माझ्या धाकट्या काकांपुढे ग्लास धरला आणि त्यांनी हसून नुसता हात आडवा केला. त्या हाताकडे मी बघतच राहिले.

एरवी अबोल असलेले काका पूर्वी थोडी घेतली की गायला लागायचे. काकूला चारचौघांत लाडानं नावानं हाक मारायचे. घर उजळून जायचं. मग ग्लास वाढत जायचे आणि तेच घर श्वास रोखून बसायचं. एकदा काकूच्या कपाळाला टाके पडले. त्या दिवसापासून काकांनी दारू सोडली, आणि गाणंही. दारूनं काय नेलं ते सगळे सांगतात. तिनं काय दिलं होतं, ते कुणी बोलत नाही.

"काका, एक तरी गाणं!" पोरं मागे लागली.

"आता नाही रे जमत," काका ओशाळून म्हणाले.

शेजारी बसलेली काकू हळूच म्हणाली, "म्हणा की. बेसूर झालं तरी चालेल."

काका कापऱ्या आवाजात गाऊ लागले आणि अंतऱ्याला अडले. काकूनं पुढचे शब्द सांगितले. त्या काळी जीव मुठीत धरून ऐकलेली ती गाणी तिला सगळी पाठ होती.