अप्पांनी घाईनं लावलेला डिजिटल

कोडोलीच्या चौकात डिजिटल लावायला फारसं कारण लागत नाही. पोरगं शिष्यवृत्तीत आलं, लाव डिजिटल. बैल शर्यतीत पहिला आला, लाव डिजिटल. शहरातले लोक ज्याला फ्लेक्स म्हणतात तोच हा, खाली शुभेच्छुकांची पाचपन्नास मुंडकी असलेला. त्यामुळे अप्पांनी आपल्या सुनेचा डिजिटल लावला, यात गावाला काही वावगं वाटलं नाही. ‘परदेशगमनाबद्दल हार्दिक अभिनंदन’ अशी वर भगवी अक्षरं, मध्ये स्नेहलचा हसरा फोटो, बाजूला गॉगल घातलेला विश्वजित आणि मागं विमान. चूक एवढीच होती, की सून अजून गेलीच नव्हती.

अप्पा म्हणजे जोतीराम. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत घालवली. वाळूचा साचा करायचा, त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं आणि मग थांबायचं. हे थांबणं हेच खरं काम, असं ते नव्या पोरांना बजावायचे. आत गरम असताना साचा फोडला की कास्टिंगला तडा जातो, आणि तडा गेलेलं कास्टिंग भंगारातच जातं. कुणी घाई केली की अप्पांच्या तोंडाचा पट्टा सुटायचा. मग समोर सुपरवायझर आहे की साहेब, हे ते बघायचे नाहीत. असा माणूस घरच्या बाबतीत घाई करून बसला, याचं त्यांना स्वतःलाच पुढं नवल वाटत राहिलं.

पोरगा विश्वजित इंजिनिअर झाला, त्याच एमआयडीसीत लागला आणि तिथून जर्मनीतल्या एका फौंड्रीत निवडला गेला. जायच्या आधी महिनाभर लग्नाचा बार उडवून दिला. स्नेहल कागलची, शहरात राजारामपुरीत डॉक्टर इरावतींच्या लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करणारी. बोलायला कमी, पण हात असा हलका की लहान पोरं सुई टोचल्यावर रडायचं विसरायची. नवरा पुढं गेला आणि हिनं तिकडं राहण्याच्या परवान्याच्या मागं लागायचं ठरलं. राजारामपुरीतच क्लास लावून तिनं जर्मन भाषेची पहिली परीक्षा दिली. संध्याकाळी म्हशींना वैरण टाकताना ती ते शब्द घोकायची आणि धोंडुबाई, म्हणजे तिची सासू, म्हशी बावचळतील म्हणून हसायच्या.

मुंबईला जाऊन अर्ज दिला तेव्हा अप्पा सोबत होते. खिडकीतल्या बाईंनी सांगितलं, साधारण तीन महिने लागतात. अप्पांनी ‘साधारण’ मुंबईतच ठेवलं आणि तीन महिने तेवढे घेऊन गावाला आले.

तिसरा महिना उजाडला तशी पाहुण्यारावळ्यांत जेवणं सुरू झाली. आज आत्याकडं, उद्या मावशीकडं, प्रत्येक घरी ओटी आणि साडी. अप्पांनीच तिला सांगितलं की आता जाणारच आहेस तर नोकरी कशाला, चार दिवस घरात निवांत रहा. तिनं राजीनामा दिला. डिजिटलवाल्या उदयसिंहाला अप्पांनी स्वतः फोटो नेऊन दिला. चौकात बोर्ड चढला त्या दिवशी अप्पा उगाचच दोनदा चौकातून जाऊन आले. पोरगं शिकलं, सून शिकलेली मिळाली, आणि आता दोघं परदेशात नांदणार. एवढं सुख छातीत मावत नव्हतं. ते दडवणं त्यांना जमलं नाही, एवढाच त्यांचा गुन्हा.

परवाना काही आला नाही. मुंबईहून फाइल विश्वजित राहायचा त्या जर्मनीतल्या गावच्या कार्यालयात गेली आणि तिथं जाऊन बसली. तिथले लोक कधी नव्या पगारपत्रकाची मागणी करत, कधी भाड्याच्या घराच्या खोल्या किती मोठ्या म्हणून विचारत. विश्वजितनं दोघांना पुरेल असं मोठं घर घेतलं आणि त्यात एकटाच राहू लागला. त्यानं किती विचारणा केल्या त्याला गणती नाही. उत्तर एकच, विचार चालू आहे. त्यात त्याच्या स्वतःच्या परवान्याची मुदत संपत आली आणि नव्याचं कामही त्याच टेबलावर रखडलं. तो हातात पडेपर्यंत देश सोडला तर परत आत घेतील याची खात्री नव्हती. म्हणजे हिला जाता येईना आणि त्याला येता येईना.

इकडं डिजिटल चौकात उन्हात विटत राहिला. स्नेहल दुकानाला निघाली की कुणीतरी विचारणारच, “गेली न्हाईस व्हय अजून?” विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसायचं. पण दिवसातून चारदा तेच ऐकायचं म्हणजे माणूस झिजतो. ती आधी हसून सांगायची, मग नुसती मान हलवायची, आणि पुढं चौक टाळून डेअरीमागच्या बोळातनं जायला लागली. एका हळदीकुंकवाला शेजारची चिमणाबाई सगळ्यांदेखत म्हणाली, की तिकडं त्यानं गोरी ठेवली असंल, म्हणून कागदं अडकत्यात. धोंडुबाईंनी तिथंच तिचा पाणउतारा केला. स्नेहल मात्र घरी येऊन गोठा झाडायला लागली. त्यानंतर ती कुणाच्या घरी गेली नाही.

काही दिवसांनी कुणाच्या तरी वाढदिवसासाठी चौकातली जागा हवी होती म्हणून उदयसिंहानं तो बोर्ड उतरवला आणि घडी करून अप्पांना आणून दिला. फौंड्रीत राबलेला माणूस चांगली वस्तू टाकून देत नाही. गोठ्याचा पत्रा गळत होता, तिथं अप्पांनी तो आतून ताणून बांधला. फोटोची बाजू खाली ठेवली, कारण वर ठेवली तर पत्र्यातनं गळणारं पाणी तिच्या तोंडावर पडलं असतं. सुनेची आणखी शोभा नको, एवढाच विचार. खाली बसून धार कोण काढतं, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही. आणि स्नेहलनंही त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

विश्वजितची जेवणाची सुट्टी म्हणजे इकडची धारेची वेळ. ती पेंडीच्या पोत्याला मोबाइल टेकवून ठेवायची आणि धार काढता काढता दोघं बोलायची. अप्पा त्या वेळेला मुद्दाम बाहेर वैरण कापायचं कडबाकुट्टीचं यंत्र चालू करायचे, नवराबायकोचं बोलणं आपल्या कानावर नको म्हणून. एके दिवशी ऐन त्याच वेळी वीज गेली. आतलं सगळं बाहेर ऐकू यायला लागलं.

विश्वजित नव्या म्हशीला बघायचं म्हणत होता. स्नेहलनं मोबाइल उचलला, तो फिरवताना वरचं छत त्याला दिसलं. आधी तो हसला. तुझ्या डोक्यावर तूच हायस की, म्हणाला. मग वरची अक्षरं मोठ्यानं वाचू लागला, ‘परदेशगमनाबद्दल हार्दिक...’ आणि मधेच थांबला. बाहेर अप्पांच्या हातातली कडब्याची पेंढी तशीच राहिली. नंतर विश्वजित म्हणाला, की बस झालं, मी राजीनामा देतो आणि येतो निघून. स्नेहल म्हणाली, येऊ नका. इतकी वर्षं शिकून तिथवर पोचलाय, माझ्यापायी मागं फिरलात तर ते ओझं मला जन्मभर वागवावं लागेल. तिचा आवाज जराही हलला नाही, आणि तेच अप्पांना सोसलं नाही.

फोन बंद झाल्यावर ते दुधाची किटली न्यायला म्हणून आत गेले. वर बघितलं. अक्षरांवर बुरशी चढली होती, विमान काळं पडलं होतं, तिचं हसू तेवढं शाबूत होतं.

“पोरी, ह्ये तू मला सांगायचं न्हाईस व्हय?”

स्नेहल म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. ती सासऱ्यांना मामा म्हणायची. ज्या सुनेनं लग्न झाल्यापासून त्यांच्यापुढं कधी तक्रार केली नव्हती, ती म्हणाली, “मामा, हितं मी जाणारी हाय. तिकडं मी येणारी हाय. असणारी मी कुठंच न्हाय.”

एवढं बोलून ती रडली. पहिल्यांदाच. अप्पांनी तिला उगी म्हटलं नाही. पत्र्यापर्यंत हात पोचत नव्हता, म्हणून पेंडीच्या पोत्यावर चढून त्यांनी एकेक दोरी कापली आणि तो बोर्ड गुंडाळून कडब्याच्या गंजीखाली घालून टाकला. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. आपण साचा गरम असताना फोडला, हे त्यांनी धोंडुबाईंना सांगितलं. त्यांना त्यातलं काय कळलं कोण जाणे, पण त्याही तशाच ताटावरनं उठल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला आणि सुनेला म्हणाले, चल. मोटरसायकलवर मागं बसवून तिला सरळ राजारामपुरीत नेलं. इरावती मॅडमपुढं हे खुर्चीत बसायलाही तयार होईनात. म्हणाले की नोकरी सोडायला हिला मी लावलं, चूक माझी, हिची न्हाई; परवाना कवा येईल ते देवाला ठाऊक, पण तवर हिला कामाला घ्या. मॅडमनी त्यांना आधी बसवलं, पाणी दिलं, आणि मग स्नेहलला विचारलं की उद्यापासून येशील की आत्तापासून. तिनं तिथल्या तिथं पदर खोचला आणि आत जाऊन हात धुतले.

संध्याकाळी परत येताना अप्पांनी गाडी बोळाकडं वळवली नाही. चौकात आणून ऐन पारापाशी उभी केली आणि बंद केली. उदयसिंह होता, आणखी चारसहाजण होते. कुणी विचारायच्या आधीच अप्पा मोठ्यानं बोलले, “ऐका. माझी सून गेल्याली न्हाय. जाईल तवा जाईल. तवर ती हितली हाय, आन आजपासनं कामाला लागल्याली हाय. इचारायचं असंल तर मला इचारा, तिला न्हाय.”

स्नेहल मागच्या सीटवर मान वर करून बसली होती.

त्यानंतर घराला नवं वळण लागलं. घर मळ्यात, तिथनं एसटी स्टँड लांब, म्हणून सकाळी अप्पा तिला गाडीवर सोडायचे आणि संध्याकाळी एसटीच्या वेळेला आणायला जायचे. येताना ती त्यांना दिवसभरातलं सांगायची, आणि घरात फारसं न बोलणारी ही पोर गाडीवर किती बोलते याचं अप्पांना कौतुक वाटायचं. धोंडुबाईंची साखर वाढलेली तिनंच पकडली, गोळ्या सुरू केल्या, चहातली साखर तोडली, त्यावरनं दोघींची भांडणंही झाली. परवान्याची चौकशी चालूच होती. पण आता ती घराच्या एका कोपऱ्यात होती, अख्ख्या घरावर पसरलेली नव्हती. लग्नाचा दुसरा वाढदिवसही विश्वजितनं मोबाइलमधनंच साजरा केला. रात्री एकटीनं पडल्यावर तिला काय वाटायचं ते तिचं तिलाच माहीत. सकाळी मात्र ती डबा घेऊन गाडीपाशी उभी असायची.

आणि मग एका दुपारी, कुणी वाट बघत नसताना, लॅबमध्ये तिच्या मोबाइलवर मंजुरीचा निरोप आला. एसटीतनं उतरल्यावर तिनं अप्पांना सांगितलं. अप्पांनी गाडीची किल्ली फिरवली, पण पाय किकवर पडायला वेळ लागला.

“मामा, एक ऐकाल? मी तिथं पोचंपतोर कुणालाच सांगू नका.”

न्हाय सांगत, म्हणाले. आणि खरंच त्यांनी सख्ख्या बहिणीलाही कळू दिलं नाही. ना जेवणं, ना साड्या. बॅगा तिचा भाऊ अमरसिंह आदल्या दिवशी कागलला घेऊन गेला. निघायच्या सकाळी धोंडुबाईंनी स्वयंपाकघरातच तिची ओटी भरली, गोळ्या वेळेवर घेईन असं स्वतःहून कबूल केलं आणि चुलीकडं तोंड फिरवून उभ्या राहिल्या. स्नेहल रोजच्या वेळेला, रोजच्या साडीत, रोजची पर्स आणि डबा घेऊन अप्पांच्या मागं बसली. चौकात उदयसिंहानं हात केला, “निघाली व्हय कामाला?” अप्पांनी मान हलवली. स्टँडच्या पलीकडं अमरसिंह गाडी घेऊन थांबला होता. स्नेहल पाया पडली. अप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि एवढंच म्हणाले, की पोरी, तिकडं असणारी हो.

विमान उतरल्याचा फोन दुसऱ्या दिवशी दुपारी आला. मोबाइलमध्ये दोघं शेजारी उभी होती. विश्वजित हसत होता, डोळे पुसत होता, आणि स्नेहल त्याच्या खांद्याला लागून अशी उभी होती, जणू कुणी परत पाठवेल की काय. धोंडुबाई रडल्या, अप्पाही रडले, पोटभर रडले. आता सांगायला हरकत नव्हती. साऱ्या गावाला ओरडून सांगण्याची वेळ आता खरोखरच आली होती.

संध्याकाळी एसटीच्या वेळेला अप्पांनी गाडी बाहेर काढली. धोंडुबाईंनी बघितलं, पण अडवलं नाही. स्टँडवर ते नेहमीच्या जागी उभे राहिले. उदयसिंह तिथंच चहा पीत होता.

“अप्पा, सूनबाई दिसली न्हाय सकाळी. कुठं गेली?”

ज्या एका वाक्यासाठी अप्पांनी एवढे दिवस काढले होते, ते अगदी ओठावर होतं. तोंड उघडलंही. पण ते बाहेर पडेना. एकदा बोललं की ती गेलीच.

“कामावर हाय,” अप्पा म्हणाले. “येईल की. गाडीला उशीर हाय आज.”

एसटी वेळेवर आली. माणसं उतरली, पांगली. गाडी पुढं निघून गेली तरी अप्पा मोटरसायकलला टेकून तसेच उभे होते. उदयसिंहानं त्यांच्याकडं बघितलं, हातातला कप खाली ठेवला, आणि पुन्हा काही विचारलं नाही.