सावळखेडच्या नवाबांचं मत

धम्मपालच्या वडिलांचा, विठ्ठलरावांचा, रविवारचा फोन ठरलेल्या प्रश्नानं सुरू व्हायचा. "काय रे, नवाब कुठवर आले?"

नवाब म्हणजे मीर अशफाकअली, सावळखेडचे जहागीरदार. इंग्रजी अमलात सरदार-इनामदारांच्या जागेवरून ते इलाख्याच्या कौन्सिलात गेले. त्यांची राजकीय कारकीर्द हा धम्मपालच्या जर्मनीत, हायडेलबर्गमधल्या संशोधनाचा विषय. तो त्यानं निवडला घरच्या एका गोष्टीमुळं. नवाबांनी स्वतः तळ्याच्या पायरीवर उभं राहून महारवाड्याला पाणी भरू दिलं होतं, आणि पहिली घागर बुडवली ती तेव्हा परकरी पोर असलेल्या कमलाबाईनं, म्हणजे विठ्ठलरावांच्या आईनं. विठ्ठलराव हे आल्यागेल्याला सांगत.

पुढचं धम्मपालला कौन्सिलातल्या छापील भाषणांत सापडलं. तळं खुलं केल्यावर, ज्यांच्या मतांवर ती जागा होती ते बाकीचे जहागीरदार नवाबांवर उलटले होते. दोनेक वर्षांनी साऱ्या इलाख्याचे पाणवठे खुले करायचा ठराव आला, तेव्हा नवाब उठले आणि म्हणाले, लोकांची मनं अजून तयार नाहीत. त्यांचं मत विरोधात पडलं. पुढं जागा टिकली, मंत्रिपदही मिळालं. सावळखेडच्या तळ्यावर मात्र पुन्हा पहारेकरी बसला.

हे त्यानं फोनवर वडिलांना सांगितलं.

"पण पाणी तर दिलं होतं ना त्यांनी?" विठ्ठलरावांनी विचारलं.

"दिलं होतं, बाबा. मग बंद केलं."

"बरं," ते म्हणाले. "थंडी पडली का तिकडं?"

त्यानंतर रविवारी थंडीबद्दलच बोलणं व्हायचं.

मार्चमध्ये विठ्ठलराव झोपेतच गेले. फोन आला तेव्हा धम्मपाल भांडी विसळत होता. त्यानं उरलेली विसळली, मग हर्षाला, बायकोला, सांगितलं. तिकीट लगेच मिळेना, आणि भाऊ म्हणाला, थांबता येणार नाही, संध्याकाळीच उरकतो.

"उद्याचं व्याख्यान रद्द करायला सांगू?" हर्षानं विचारलं.

"नको. इथं बसून तरी काय करू?"

दुसऱ्या दिवशी तो नवाबांवर तासभर बोलला. आवाज नेहमीसारखाच होता. शेवटी फ्राउ लिंडनर या निवृत्त प्राध्यापिकेनं हात वर केला. "तर मग, तुमच्या मते हा माणूस खरा कुठला? पायरीवरचा, की सभागृहातला?"

"दोन्हीकडं तोच होता," धम्मपाल म्हणाला. "पायरीवर उभं राहिलं की काय गमवावं लागतं, ते कळल्यावर तो सभागृहात गेला. तो उभा होता ते माझ्या आजीनं पाहिलं. माझ्या वडिलांना तेवढंच ठाऊक होतं. बाकीचं मी सांगितलं."

"मग ते काय म्हणाले?"

"थंडी पडली का, म्हणाले."

कुणीतरी हलकंसं हसलं. त्यानं पाण्याचा ग्लास सरकवला आणि वर झालेल्या पुढच्या हाताकडं बघितलं.

बाहेर हर्षा थांबली होती. दोघं नदीकाठानं चालत घरी आली. तिनं वरणभात वाढला. तो ताटाकडं बघत बसला.

"मला काहीच होत नाहीये, हर्षा. रडूही येत नाही."

"येईल तेव्हा येईल," ती म्हणाली. "नाही आलं तरी जेव."

तो जेवला. मीठ कमी होतं, पण ते त्यानं मागितलं नाही.