गुढी चढलेली डोलकाठी

हेंद्रेपाड्यातल्या आमच्या परसात बाबांची पत्र्याची होडी दोन वर्षं टेकूंवर बसून होती. बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात नोकरीला होते. खाडीकाठच्या एका गावातून त्यांनी ती टेंपोत घालून आणली तेव्हाच तिची डोलकाठी कुजलेली होती. आईने दोन वर्षं होडीवर पापड वाळवले आणि शेवटी अट घातली : पाडव्याला होडी पाण्याला लागली नाही, तर दुसऱ्या दिवशी भंगारात. उल्हासनगरच्या भंगारवाल्याला तिने सांगूनही ठेवलं होतं.

पाडव्याच्या सकाळी नवी डोलकाठी तयार होती. वीस फुटी ॲल्युमिनियमचा पाइप, आणि तो चारी बाजूंनी ताणून धरायला पोलादी तारा. होडी नदीवर न्यायला टेंपो दहाला येणार होता. त्याआधी काठी एकदा परसातच होडीवर उभी करून तारा पुरतात का, एवढंच बाबांना आणि शेजारच्या फिटरकाकांना बघायचं होतं.

तेवढ्यात आई बाहेर आली. "अहो, गुढीची काठी कुठाय?"

बाबा पाना पुसत राहिले.

"मी काय विचारतेय?"

"ती शिडाला लावली. खालून, आडवी. थोडी कापावी लागली."

"सणाची काठी कापलीत?"

फिटरकाका घाईने म्हणाले, "वहिनी, ही घ्या की! वीस फूट. अख्ख्या पाड्यात अशी गुढी नसेल."

आईने पाइपाकडे जरा वेळ पाहिलं. मग आतून जरीचं पातळ, तांब्या, कडुलिंब आणि साखरेची माळ आणून टोकाला बांधली. तिघांनी काठी उभी केली. मी तारा धरल्या.

"डावीकडे झुकलीय," आई म्हणाली. बाबांनी तार आवळली. "आता उजवीकडे." असं तासभर चाललं. शेवटी तिला काठी सरळ वाटली, आणि टेंपो आला.

गल्लीत विजेच्या तारा होत्या. काठी उतरवल्याशिवाय होडी निघणार नव्हती. बाबांनी पाना उचलला.

"हात लावाल तर बघा! गुढी संध्याकाळशिवाय उतरत नाही."

"आणि तुझी अट?"

टेंपोवाला दहा मिनिटं थांबला, हॉर्न वाजवून गेला. बाबा होडीच्या काठावर बसले.

आई आत गेली, बादली घेऊन आली आणि होडीखाली ओतली. मग दुसरी.

"बघत काय बसलात? भरा!"

आम्ही विहिरीवरून आणून आणून ओतलं. परसात घोटाभर चिखल झाला. होडीच्या बुडाला पाणी टेकलं, तशी आई पदराने हात पुसत म्हणाली, "लागली एकदाची पाण्याला."

दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याला तिने चहा आणि पाणी ओतून ओतून बूड गेलेली ती बादली दिली. होडी नदीवर गेली, आणि पुढे कितीतरी वर्षं जात-येत राहिली.

यंदा बाबा नाहीत, त्यामुळे गुढीही नव्हती. पाडव्याला सकाळी आई परसात गेली आणि होडीखाली एक बादली पाणी ओतून आली.