कैतानच्या रंध्याचा खुराक

"पुन्हा जळलं," असं म्हणत कैतानने टॉवेलात गुंडाळलेलं रंधा मशीन माझ्या टेबलावर ठेवलं. ठेवलं तेही अलगद, झोपलेलं पोर ठेवावं तसं. वसईत होळीच्या नाक्यावर माझं मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळलेल्या मोटरींत नवी तार भरायचं, दुकान होतं. बाकड्यावर दोन गिऱ्हाइकं बसली होती. त्यांच्यासमोर हा म्हणतो, "दत्तू, तुझं वाइंडिंगच कच्चं."

माझं डोकंच फिरलं. अर्ध्या वसईतल्या विहिरींच्या पंपांत मी तार भरलेली. "परत जळलं तर हा बोर्ड उतरवीन आणि तुझ्याकडे रंधा मारायला येईन!" बोलून बसलो. बाकड्यावरचे दोघे हसले. म्हणजे संध्याकाळपर्यंत गावभर होणार.

कैतान जवळच्या गास गावचा सुतार. शाळेत आम्ही एका बाकावर. ऐंशी सालच्या सुमारास त्याच्या मेव्हण्याने कुवेतहून हा विजेचा रंधा आणून दिला. आत मोटर असते, ती पट्ट्याने पात्यांचा रूळ फिरवते. मोटरचा फिरता गाभा म्हणजे आर्मेचर. त्यावर तांब्याची तार गुंडाळलेली असते. तिच्यावरचं वॉर्निश जळलं की तारेला तार भिडते आणि खेळ खलास.

मशीन खोललं. आत काळा, चिकट लगदा. मागच्या खेपेला वाटलं होतं, बेअरिंगचं ग्रीस वितळलं असेल. म्हणून बेअरिंग नवं टाकलं होतं. ते तर ठणठणीत. मग हा लगदा आला कुठून?

नवी तार भरली, वॉर्निश देऊन भट्टीत सुकवली आणि मशीन घेऊन मीच गासला गेलो. कैतानकडे देवळाच्या, म्हणजे त्यांच्या चर्चच्या, बाकांचं काम होतं. ती सणाआधी द्यायची होती. त्याचाही जीव टांगणीला, माझाही.

दिवसभर त्याच्या समोर बसून राहिलो. गडी कुठे चुकतो ते बघत होतो. छे! मशीनवर जोर देत नव्हता, थर पातळ काढत होता, लाकडात खिळा आहे का ते आधी चाचपत होता. हात असावा तर असा. मला चूक सापडेना आणि माझा बोर्ड डोळ्यांपुढे हलायला लागला.

संध्याकाळी काम थांबलं. तेवढ्यात घरातून त्याची बायको मोनिका ओरडली, "अवो, माझी तेलाची बाटली परत नेली? डोक्याला लावायला थेंब ठेवत नाय हा मानूस!"

मी वळून बघितलं. कैतान मशीन मांडीवर घेऊन बसला होता आणि हवेच्या भोकांतून आत खोबरेल सोडत होता.

"अरे मेल्या, काय पाजतोस त्याला?"

"खुराक," तो म्हणाला. "बापाच्या रंध्याला रोज तेल देतो. बाप गेला, रंधा अजून चालतो. हा तर दिवसभर राबतो बिचारा."

हसावं की रडावं! लाकडी रंध्याला तेल मानवतं. मोटरीत गेलं की त्यावर भुसा बसतो, हवेची वाट बंद होते, मोटर तापून जळते. मी हे सगळं समजावलं. त्याला पटेना.

"म्हंजे राबवून घ्यायचं आनि तसंच टाकायचं? मानुसकी हाय का नाय?"

नुसतं 'तेल देऊ नकोस' म्हणून हा ऐकणार नव्हता. मी मशीन खोलून आतलं तेल पुसलं, परत जोडलं आणि त्याला एक फळी तासायला लावली. मग त्याच्या सायकलचा पंप घेतला आणि भोकांत हवा मारली. भुशाचा लोट बाहेर पडला. कैतान बघतच राहिला.

"हा त्याचा खुराक. रोज संध्याकाळी द्यायचा."

"मला दे," म्हणाला आणि पंप ओढूनच घेतला. आतून मोनिका म्हणाली, "सुटली माझी बाटली!"

बाकं सणाआधी देवळात लागली. पुढे त्या मशीनचे, आर्मेचरला वीज पोचवणारे कार्बन ब्रश मी बदलले, पट्टा बदलला. ते झिजायचेच. रोज हवा मारून सायकलच्या पंपाचे वॉशरही गेले. पण माझी तार? हात लावावा लागला नाही. अभिमान वाटतो, का वाटू नये?

म्हातारपणी दुकान बंद केलं तेव्हा बोर्ड उतरवायला कैतानच आला. स्क्रू काढता काढता म्हणाला, "उतरला बोर्ड. आता ये रंधा मारायला."

गेलो. त्याच मशीनने फळी तासली. आत माझी तार घुमत होती. यंत्र मायेनंच टिकतं, पण मायेलाही थोडी माहिती लागते.